पट्टीने मारलेल्या अकरा रेघा

आमच्या मंडळीत माणसांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत. रत्नागिरीत आमच्या देवळात येणारी मराठी ख्रिस्ती घरं मोजून चौदा. नाताळला मुंबईचे पाहुणे उतरले तरच मागची बाकं भरतात. पण देवळामागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडायचं झालं तर दोन दणकट माणसं दाराला रेटून उभी करावी लागतात, नाहीतर पुस्तकांचा लोंढा थेट मांडवीच्या जेटीपर्यंत जाईल आणि मासे श्रद्धावान होतील. संकटात धीर कसा धरावा, प्रार्थनेत झोप कशी आवरावी, नवऱ्याने बायकोशी कसं वागावं, सुनेने सासूशी कसं वागावं, सासूने मरताना कसं वागावं, सगळ्यावर आमच्याकडे पुस्तक आहे. बहुतेकांच्या मुखपृष्ठावर सूर्य असतो आणि एक पायवाट. त्या पायवाटेवर मी आजवर एकही माणूस चालताना पाहिलेला नाही.

कपाटाची किल्ली वीस वर्षं माझ्याकडे. पोटापाण्यासाठी माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण मंडळीत मला ओळखतात ते पुस्तकवाला म्हणून, आणि थापाड्या म्हणून. दोन्ही पदं मी निष्ठेने सांभाळली आहेत.

आमची एक पद्धत आहे, ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. दर महिन्याला कपाटातलं एक पुस्तक बाहेर पडतं आणि चौदा घरं फिरतं. एका घरी दोन दिवस. संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत ते वाचायचं आणि जे वाक्य मनाला लागेल त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. महिनाअखेरच्या रविवारी, उपासनेनंतर, कुणाच्या तरी घरी बैठक. पुस्तक ज्या घरी सगळ्यात शेवटी पोचलं, त्या घराने त्यातल्या सगळ्या रेघा मोठ्याने वाचायच्या. रेघ कोणाची, हे विचारायचं नाही. हा नियम म्हणे पूर्वीच्या कुणा मिशनरी बाईने घालून दिला. बाई बिचारी साधी असणार. तिला वाटलं, लोक स्वतःच्या मनाला लागलेल्या वाक्याखाली रेघ मारतील.

आपल्या मनाला काय लागलं ते चारचौघांत दाखवणारा माणूस आमच्यात अजून जन्माला यायचाय. त्यामुळे रेघ पडते ती दुसऱ्याला लागावी म्हणून. पुढच्या घरातला माणूस पीत असेल तर व्यसनाच्या प्रकरणाखाली रेघांची शेतं नांगरली जातात. एकदा तर त्या पानाला भोक पडलं आणि पिणाऱ्याने त्या भोकातून पलीकडचं, क्षमेवरचं पान वाचून दाखवलं. कुणाची सून उशिरा उठते, कुणाचा मुलगा पुण्याला जाऊन आईला फोन करत नाही, कुणी भावाची आंब्याची कलमं दाबून बसलाय, हे तोंडाने बोलायची आम्हाला गरजच पडली नाही. पुस्तकं बोलत आली.

या कलेत माझा हात धरणारा कोणी नव्हता. एक जोडपं होतं, लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नाही. बाईने गाण्याच्या गटात माझ्या बायकोची जागा घेतली, एवढाच तिचा गुन्हा. मी एका पुस्तकात ‘ज्या घरात बाळाचं हसू नाही’ असं सुरू होणाऱ्या वाक्याखाली एक नाजूकशी रेघ मारली. बैठकीत नवऱ्याने ते वाक्य स्वच्छ आवाजात वाचलं. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती जेवणं उरकल्यावर बाहेर आली. पुढे ती दोघं चिपळूणला राहायला गेली. त्यांची बदली झाली, असं मी सगळ्यांना सांगतो. बरेच जण मानतातही.

आता आमचं घर. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बोटीवर नोकरीला. वर्षातले नऊ महिने पाण्यात, उरलेले तीन झोपेत. पप्पा अर्धांगवायूने पडलेले, डावी बाजू पूर्ण गेलेली. मी, माझी बायको, ती शाळेत शिक्षिका. आणि वहिनी, दादाची बायको, जिच्यावर हे घर उभं होतं. वहिनी शिकलेली नर्स. आई आजारी पडली तेव्हा तिने नोकरी सोडली. आई गेली, तोवर पप्पा पडले. अशी अकरा वर्षं. पप्पांना कुशीवर वळवणं, पुसून घेणं, भांडं देणं, घास भरवणं, संध्याकाळी वाचून दाखवणं, सगळं तिच्याकडे. इतक्या वर्षांत पप्पांच्या पाठीला साधा ओरखडा आला नाही. डॉक्टर यायचे ते पप्पांना बघायला नव्हे, ती पाठ बघायला यायचे, असं मी दुकानात सांगायचो. ही अतिशयोक्ती नव्हती.

एका सकाळी चहाला तिने आम्हाला सांगितलं की घाटावरच्या एका ख्रिस्ती हॉस्पिटलात तिची निवड झाली आहे. पुढल्या एक तारखेला हजर व्हायचं. वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पप्पांसाठी खेडशीची एक बाई तिने बघून ठेवली होती, तिचा पगार ती स्वतः पाठवणार होती. दादाला फोनवर विचारून झालं होतं. तुला पटेल ते कर, असं दादा म्हणाला. दादा प्रत्येकाला तेच म्हणतो. राहिलं फक्त मंडळीचं पत्र. ही बाई आमची सभासद आहे, वागणूक चांगली आहे, असं पाळकांनी लिहून द्यायचं. ते म्हणाले होते, महिनाअखेरच्या बैठकीत देतो.

बायकोने उठून तिचा हात धरला. मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तळाशी जाईपर्यंत बघत राहिलो.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर छत्रीने बिबट्या पळवून लावलेला माणूस मी. तो बिबट्या दरवर्षी थोडा थोडा वाढतो, पण मी पळालो नाही हे कायम आहे. मात्र पप्पांचं भांडं नुसतं दिसलं तरी माझे पाय मागच्या दाराकडे वळायचे. खेडशीची बाई आजारी पडली तर? बायको शाळेत. दुकान बंद करून मी बसायचं? एवढाच विचार होता. त्याला मी पुढे पुष्कळ कपडे चढवले, घराचं काय, पप्पांना काय वाटेल, दादाचं नाव. पण आत होतं ते भांडंच.

त्या महिन्यातलं पुस्तक आदर्श ख्रिस्ती घराबद्दलचं होतं आणि शेवटचं घर आमचं. आमच्या आधीचं घर निवृत्त मुख्याध्यापिकेचं. बाई इतक्या शिस्तीच्या की त्यांच्या परसातला फणससुद्धा रांगेत धरतो. रेघ मारतात ती पट्टीने. एका गुरुवारी सकाळी त्यांनी पुस्तक माझ्या दुकानात आणून दिलं. मी उघडून बघितलं. तेरा घरांच्या मिळून सात रेघा, त्याही मिळमिळीत, नुसत्या हाताने मारलेल्या; या खेपेला बाईंची एकही नव्हती. मग मी दुकानातली पट्टी घेतली, पेन्सिलीला टोक काढलं, आणि गिऱ्हाइकांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढता काढता अकरा रेघा मारल्या. ‘दूरच्या रुग्णाची सेवा करण्याआधी उंबऱ्याच्या आतल्याकडे पाहा.’ ‘पतीच्या गैरहजेरीत पत्नी हीच त्याच्या घराची भिंत.’ अशी एकाहून एक. प्रत्येक रेघ सरळ, बारीक, दोन्ही टोकांना नेमकी थांबलेली. मुख्याध्यापिकेने पाहिल्या असत्या तर दहापैकी दहा दिले असते.

संध्याकाळी पुस्तक घरी नेऊन टेबलावर ठेवलं. दोन दिवस वहिनीने ते पप्पांच्या उशाशी बसून वाचलं. रेघांवर तिचा आवाज अडखळला नाही. मला वाटलं, लागलं नाही बहुतेक. जरा वाईटही वाटलं, कामाचं चीज झालं नाही म्हणून.

बैठक त्या महिन्यात एका निवृत्त इंजिनिअरच्या घरी होती. गृहस्थ अलोऱ्याच्या कॉलनीत नोकरी करून इथे स्थायिक झालेले. मोठी ओटी, खुर्च्या गोल मांडलेल्या, घावणे आणि नारळाची चटणी. प्रार्थना झाली, आणि पाळकांनी वहिनीला खूण केली. पाळक तरुण, नवीन, कुणाचंही मन मोडायला घाबरणारे. त्यामुळे ते रोज कुणाचं तरी मोडायचे. त्यांच्या शबनममध्ये लिहून तयार ठेवलेलं पत्र मला दिसत होतं.

वहिनीने उभं राहून सगळं वाचलं. थर्मामीटर वाचावा तसं. अठरा वाक्यं. मग पुस्तक मिटलं नाही, तसंच धरून म्हणाली,

“यातल्या सात रेघा मंडळीच्या. त्या मी घेतल्या. या पट्टीच्या अकरा मात्र आमच्याच घरातल्या आहेत. पुस्तक दिवसभर कुठे होतं ते मला माहीत आहे. मी जाऊ नये असं ज्याला वाटतं त्याने इथे तोंडाने सांगावं. मी ऐकून घेईन.”

ओटीवरचा प्रत्येक जण आपल्या ताटलीतला घावणा आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखा न्याहाळू लागला. बायकोने मला कोपराने ढोसलं. “सांगा,” ती ओठ न हलवता म्हणाली. मी घावण्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. घास तोंडात असताना माणसाने बोलू नये, असं त्याच पुस्तकात कुठेतरी असणार. नसेल तर असायला हवं होतं.

वहिनीची चूक मला तेव्हाच कळली, तिला कळली नव्हती. तिला वाटलं, ती मला विचारतेय. तिने चौदाही घरांना विचारलं होतं. आज या अकरा रेघांचा मालक शोधला, तर उद्या पिणाऱ्याच्या रेघांचा शोधायचा, परवा आंब्याच्या कलमांच्या. इतक्या वर्षांच्या इतक्या रेघा. प्रत्येकाला आपापली रेघ आठवली, आणि सगळे एकदम तिच्यावर चालून आले.

इंजिनिअर म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यांची बायको म्हणाली, रेघ कोणाची का असेना, वाक्य खोटं आहे का ते सांग. पिणारा गृहस्थ, ज्याला इतकी वर्षं आम्ही सोललं, तोही म्हणाला की आपण नाही का गपचूप ऐकून घेतलं, हिलाच काय सोनं लागलंय. कुणीतरी मागून म्हणालं, नोकरीचा कागद आला की बायकांचा आवाज बदलतो. आणि मुख्याध्यापिका उठल्या, पदर खोचून.

“पट्टीने रेघ मारणारी या मंडळीत मी एकटी. त्या माझ्याच.”

“बाई, तुमच्या नाहीत त्या,” वहिनी म्हणाली.

“मग कोणाच्या? एवढ्या सरळ कोणाला येतात? माझ्याच आहेत, आणि बरोबर आहेत.”

मला खातरी आहे की बाईंना आपण त्या मारल्या नाहीत हे ठाऊक होतं. पण वाक्यं इतकी त्यांच्या पसंतीची निवडलेली होती आणि रेघा इतक्या सुबक, की त्या सोडवेनात. पाळकांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. माझ्यापाशी त्यांची नजर जराशी थांबली. मी चटणी मागितली. मग ते म्हणाले, की पत्राबद्दल आपण प्रार्थनापूर्वक विचार करू. आमच्या मंडळीत प्रार्थनापूर्वक विचार म्हणजे नाही.

वहिनी रडली वगैरे नाही. घरी येऊन तिने मला हाक मारली. “भावजी, इकडे या. बघून घ्या.” तीन दिवस तिने मला शिकवलं. पप्पांना दर दोन तासांनी कसं वळवायचं, घास उजव्या गालात कसा द्यायचा, पाठ पुसून कोरडी कशी करायची. रेघांबद्दल एक शब्द नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पप्पांच्या खोलीत बराच वेळ बसली, मग एक बॅग घेऊन सकाळच्या एसटीने घाटावर गेली. पत्राशिवाय.

हॉस्पिटलने तिला परत पाठवलं नाही, पण कायमही केलं नाही. सहा महिने तात्पुरती. तेवढ्यात मंडळीचं पत्र आणलं तर कायम, नाहीतर संपलं, आणि वय उलटून गेल्यावर पुन्हा अर्ज नाही. हे बायकोने मला सांगितलं, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. पाळकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. घरच्या कर्त्या माणसाने येऊन घरात सलोखा आहे असं सांगितलं, की मी लगेच पत्र देतो. दादा पाण्यात. कर्ता माणूस मी. पाळकांचं घर माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटं.

सहा महिने मी ती सात मिनिटं चाललो नाही.

खेडशीची बाई आठ दिवस टिकली. ती पप्पांना घाईघाईत वळवते म्हणून मी तिला निःस्वार्थ सेवेवरचं एक प्रकरण उभ्याउभ्या वाचून दाखवलं. नवव्या दिवशी ती आली नाही. दुसरी कोणी मिळेना. मग मीच. सकाळी, दुकानाच्या आधी. दुपारी, धावत येऊन. दोन तासांचे चार झाले, चाराचे सहा.

पप्पा रोज विचारायचे, सून कुठाय. मी सांगायचो. मिरकरवाड्यावर सुरमई आणायला गेली आणि सुरमईने इतका भाव लावला की अजून घासाघीस चालू आहे. दुसऱ्या दिवशी, वेळणेश्वरला बहिणीकडे गेली, तिथे समुद्र इतका लांब गेला की बायका तो परत आणायला गेल्यात. पप्पा अर्ध्या तोंडाने हसायचे. मला वाटलं, हे मला जमतंय. महिनाभर मी रोज एक नवी थाप घेऊन त्या खोलीत जात होतो आणि तेवढ्यापुरतं भांडंही हलकं वाटायचं. एका सकाळी मी नवी सुरू करणार तोच त्यांनी चांगला हात वर केला.

“पुरे. ती घाटावर गेल्ये. मला सांगून गेली ती.” शब्द तुटक, पण स्वच्छ होते. “त्या रेघा तुझ्या. पुस्तक माझ्या उशाशीच होतं, बघितल्या मी. कंपाउंडर होतो मी, चाळीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या नि चिकटवल्या. माणसाचा हात ओळखतो. पाळकाकडे जा.”

मी म्हणालो, जातो.

त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. मी गोष्ट सांगायला लागलो की डोळे मिटून घ्यायचे. घास उजव्या गालात दिला तरी जीभ हलवायचे नाहीत, मी बाहेर गेल्यावर बायकोच्या हातून खायचे. पाचव्या महिन्यात ते गेले.

वहिनी आली. दादा येऊ शकला नाही. पप्पांना आंघोळ घालायची ती मीच घालणार, असं तिने सांगितलं, आणि दार लोटून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले. तेव्हा ओटीवर मी एकटाच होतो.

“भावजी, पाठीला दोन जखमा होत्या,” ती म्हणाली. “हाडापर्यंत.”

दफन झालं, आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली. रजा एका दिवसाची होती.

तिच्या नोकरीचे अठरा दिवस उरले होते तेव्हा मी सात मिनिटं चाललो. पाळकांच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. दुकान, पट्टी, पेन्सिल, सातबारे, घावणा, भांडं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी झाली तशी सांगत होतो. न वाढवता, न सजवता. सांगताना मला स्वतःलाच ती फार पाणचट वाटत होती.

पाळक ऐकत होते. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“तुम्ही सगळा दोष स्वतःवर घेताय,” ते म्हणाले. “मुख्याध्यापिकांनी तर सर्वांसमक्ष कबूल केलंय. तुमचं मन मोठं आहे. पण मी खोटं पत्र कसं देऊ? सासऱ्यांना माती देऊन बाई त्याच संध्याकाळी निघून गेल्या. याला सलोखा म्हणायचा का?”

मी म्हणालो, रेघा खरंच माझ्या आहेत. ते हसले, प्रेमाने. बिबट्याही तुमचाच होता ना, म्हणाले. मी पट्टी आणून दाखवू शकलो असतो. बायकोला साक्षीला नेऊ शकलो असतो. मुख्याध्यापिकांच्या दारात जाऊन भांडू शकलो असतो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकलो असतो. मी चहा प्यायलो आणि उठलो. त्या रविवारी उपदेशात पाळकांनी, नाव न घेता, कुटुंबासाठी दुसऱ्याचं पाप अंगावर घेणाऱ्या एका बंधूचा उल्लेख केला. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि ती फार शोभून दिसली असणार.

अठरा दिवसांनी वहिनीची नोकरी गेली. आता ती तिकडेच एका डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यात आहे. इंजेक्शनं देते, झाडूही मारते, असं बायकोने सांगितलं. रत्नागिरीला येत नाही. दादा सुटीवर आला की तिकडे जातो.

मी तिला एकदाच फोन केला. पाळकांकडे गेलो होतो ते सांगितलं. सगळं कबूल केलं, पण त्यांनी विश्वासच ठेवला नाही, असंही सांगितलं. पलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी मूल रडत होतं. मग ती म्हणाली,

“त्यांनी विश्वास ठेवला नाही तेव्हा बरं वाटलं ना, भावजी?”

मी पुष्कळ काही सांगू शकलो असतो. जिभेवर तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक देखणी. पण बरं वाटलं होतं, हे खरं.

“वाटलं,” मी म्हणालो.

तिने फोन ठेवला.